नऊ दहाची चौकशी

टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी टकटक करायचं, मान जराशी तिरकी करायची आणि म्हणायचं, "कुटं जायचंय ते आदी सांगा."

समोर कोण आहे याला महत्त्व नाही. वीजबिलाचं विचारायला आलेला असो, पंखा दुरुस्त करणारा असो, नाहीतर लग्नाची पत्रिका घेऊन आलेली शेजारीण असो, काका प्रत्येकाला हेच विचारायचे. पत्रिकावाली बाई एकदा गोंधळून म्हणाली, "आता घरीच जाणार आहे." काका म्हणाले, "मग बसा की घोटभर च्या घिऊन. घरची गाडी काय चुकत न्हाय."

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. नोकरी संपते, पण नोकरीतलं वाक्य तोंडातून जात नाही. आमच्या या काकांनी, नात्यानं कुणी नव्हेत, सगळे काका म्हणतात म्हणून मीही, तीसेक वर्षं सोलापूरच्या एसटी स्टँडावर चौकशीच्या खिडकीत काढली होती. काचेला खाली एक अर्धगोल भोक, त्यातून येणारे आवाज आणि हात, एवढीच त्यांची दुनिया. माणसांचे चेहरे त्यांना फारसे आठवत नसत. आवाज मात्र एकदा ऐकला की पक्का.

मी तेव्हा पुण्याहून नुकतीच परत आले होते. तिथल्या एका कंपनीत चार वर्षं सर्च इंजिन मार्केटिंग करत होते. एका शुक्रवारी त्यांनी आमची अख्खी टीम घरी पाठवली. बाकीच्यांनी सोमवारी दुसऱ्या नोकऱ्या शोधायला घेतल्या, मी सोलापूरची गाडी धरली. जुळे सोलापुरात एका दुमजली इमारतीत वरची खोली भाड्यानं घेतली, एक टेबल, दोन खुर्च्या, एक लॅपटॉप मांडला आणि दारावर पाटी लावली.

बाबांना ते मुळीच पसंत नव्हतं. बाबा मंगळवेढ्याच्या शाळेत मास्तर होते. बावीस वर्षं सोलापूरहून रोज जाऊन येऊन नोकरी केली त्यांनी. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ. नाही जमलं तर पुण्याला दुसरी नोकरी धरायची. हट्ट करायचा नाही." आमच्या घरात आई गेल्यापासून दोनच माणसं, त्यामुळे भांडणाला पंचसुद्धा नाही. मी हो म्हणाले. मी परत का आले हे त्यांना सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच माझी बॅग भरली असती. ते एकटे पडले होते, म्हणून आले होते मी. रात्रीची भाकरी ते टीव्हीसमोर उभ्याउभ्या खायचे, हे मला एका सुट्टीत दिसलं होतं. बस, तेवढंच कारण. बाकी धंदा वगैरे सगळं नंतरचं.

काकांचं घर त्याच इमारतीच्या मागं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा हैदराबादला. पाटी लावली त्या आठवड्यात ते जिना चढून वर आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हितं काय मिळतंय?"

गिऱ्हाईक आलं म्हणून माझी धांदल उडाली. पुण्यात पाठ केलेलं सगळं मी त्यांच्यावर ओतलं. कीवर्ड, बिडिंग, कन्व्हर्जन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग टेबलावर टकटक केलं.

"पोरी, कुटं जायचंय ते आदी सांग. मला कळल असं."

मी मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि पुन्हा सुरुवात केली. "काका, लोकांना काही हवं असलं की ते आता फोनवर शोधतात. बरोबर?"

"बरुबर."

"शोधलं की खाली शेकडो नावं येतात. त्यातली पहिली दोन-चार असतात त्यांच्यावर बारीक अक्षरात जाहिरात असं लिहिलेलं असतं. ती जागा पैसे देऊन मिळते. पण नुसतं दिसल्याचे पैसे नाहीत. कुणी त्यावर बोट दाबलं तरच पैसे कापतात. माझ्याकडे दुकानदार आला, की त्याचं नाव नेमक्या कोणत्या प्रश्नाला वर दिसावं हे मी ठरवते."

"म्हंजी मानूस इचारनार, आन् त्यानं इचारलं की आपलं दुकान म्होरं करायचं."

"हो."

"न इचारता कुनाच्या म्होरं जायचं न्हाय?"

"नाही. रस्त्यावरच्या फलकासारखं नाही ते. विचारेल त्यालाच."

काका खुर्चीत बसले. पहिल्यांदाच. "मग चौकशीची खिडकीच की ही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला माझाच धंदा तेव्हा जरा कळल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज यायला लागले. मी बोलावलं नव्हतं, पगाराचं तर नावच नव्हतं. एकदा मी विचारलं, "काका, घरी करमत नाही का?" तर म्हणाले, "करमतंय की. पर रिटायर झालो आन् इचारनारं कुनी ऱ्हायलं न्हाय. तीस वर्सं लोकं इचारीत हुती. आता घरात घड्याळ हाय, त्ये बी न इचारता टाइम सांगतंय."

मी हसले. नंतर घरी जाताना ते वाक्य सारखं आठवत राहिलं.

कामाचं म्हणाल, तर पुण्याच्या चार वर्षांत मी जे शिकले नाही ते या माणसानं पंधरा दिवसांत शिकवलं. एकदा मी म्हणाले, की लोक एकाच गोष्टीसाठी वेगवेगळे शब्द टाकतात, त्याचं काय करावं कळत नाही. काकांनी तीन बोटं वर केली.

"हे बग. मंगळवेड्याची गाडी येकच. पर खिडकीत तीन परकारचा मानूस येतोय. येक इचारतोय, गाडी कदी हाय? त्यो निवांत हाय, अजून घरनं निगाला बी नसंल. त्याला टाइम सांगायचा आन् सोडून द्यायचं. दुसरा इचारतोय, गाडी गेली का? त्यो भ्यालाय. त्याला पयलं म्हनायचं, न्हाय, हाय अजून, मग बाकीचं. आन् तिसरा इचारतोय, गाडी लागली का? त्यो दमलाय. त्याला गाडीबिडी काय नको, त्याला बसायचंय. त्याला फलाट दावायचा, बास."

मोठमोठ्या कंपन्यांत याच्यावर दोन-दोन दिवसांचे वर्ग घेतात. मी ते तीन प्रश्न कागदावर लिहिले आणि भिंतीला चिकटवले. अजून आहेत.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते टॉवेलवाले शेठ. अशोक चौकाच्या पलीकडे त्यांचे थोडे माग आणि पुढं छोटं दुकान. घरात तेलुगू, दुकानात मराठी, मागावर दोन्ही. माल एक नंबर, पण मुलं म्हणायची, आता कोण येतंय दुकानात, सगळं नेटवर. शेठ जिना चढून आले ते वैतागूनच. "मॅडम, आमचा नाव सगळ्यात वर पायजे. पैशे किती ते सांगा."

मी तोंड उघडायच्या आत टकटक झालं. "कुटं जायचंय ते आदी सांगा, शेठ."

"वर जायचं. एक नंबरवर."

"आवो, पयल्या फलाटावर गाडी लावली म्हंजी भरतीच असं हाय का?" काका म्हणाले. "पाटी पुन्याची आन् गाडी बार्शीला निगाली, तर बसलेली मानसं बी उतरून जात्यात. मग कंट्रोलर काय करील? उद्यापासनं ती गाडी मागच्या फलाटाला. ह्ये बी तसंच हाय. जाहिरातीत हॉटेलाचं टॉवेल म्हनायचं आन् दाबल्यावर तुमच्या वडलांचा फोटू दिसतोय, तर मानूस माघारी जातोय. ही पोरगी सांगती, ते त्या यंत्राला कळतंय. मग पैसं जास्त टाकलं तरी मागंच ठिवतंय."

शेठनी टेबलावर उघडून ठेवलेल्या वेबसाइटवर खरोखरच पहिल्या पानभर वडिलांचा हार घातलेला फोटो होता. शेठनी फोटोकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "फोटो काढू नका, खाली घ्या." तेवढ्यावर सौदा झाला.

त्यानंतर काका तीन दिवस शेठच्या दुकानाबाहेर एक जाड वही घेऊन उभे. येणारं गिऱ्हाईक तोंडानं नेमकं काय विचारतं ते जसंच्या तसं लिहून घ्यायचे. टॉवेलचे धागे ओढल्यासारखे निघतात का. हॉटेलात रोज धुतला तर किती दिवस टिकंल. रंग जातो का. लग्नात आहेराला द्यायला बरा हाय का. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलं. त्याला वाटलं, टॅक्सचा माणूस पाळतीवर आहे. शेठनं जाऊन समजूत घातली, तरी तो महिनाभर काकांना बघितलं की उठून नमस्कार करायचा.

त्या वहीतनं आमचे कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांना जाहिरात दिसावी ते शब्द, निघाले. जाहिरात सुरू झाली, फोन येऊ लागले. पण निम्मे फोन भलत्यांचेच. "टॉवेलच्या कारखान्यात काम मिळेल का?" लोक कारखाना शोधताना नोकरीही शोधत होते, आणि आमची जाहिरात दाबत होते. यावर सोपा इलाज असतो. काही शब्द नकोच्या यादीत टाकायचे, म्हणजे ते शब्द असलेल्या शोधाला जाहिरात दिसतच नाही. मी यादीत पहिला शब्द टाकला, नोकरी.

काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. "त्यो बी इचारतोयच की, पोरी."

"काका, त्याच्या विचारण्याचे पैसे शेठच्या खिशातून जातात."

"व्हय," ते म्हणाले, आणि हात काढून घेतला. पण नंतर त्यांनी शेठना गाठून दुकानाच्या पानावर अगदी खाली एक ओळ घालायला लावली. सध्या काम नाही, निघालं तर कळवू, नाव-नंबर ठेवा. खिडकी बंद करतानासुद्धा कुणाला उत्तराशिवाय घालवायचं नाही, असा तो माणूस.

या सगळ्यात मी माझ्या ऑफिसचीही एक छोटी जाहिरात चालवत होते. ज्याचा धंदाच हा, त्यानं स्वतःची केली नाही तर लोक काय म्हणतील? दिवसाला जेमतेम एक-दोनदा कुणी दाबलं तर परवडेल एवढीच. आणि रोज बरोबर एक माणूस ती दाबत होता. जेवताना मी बाबांना फोनवर आकडे दाखवायचे. "बघा, आजही एक. रोज कुणीतरी मला शोधतंय."

बाबा चष्म्याच्या वरून बघायचे. "मग तो वर का येत नाही?"

"येईल हो."

मास्तरकी. दुसरं काय. पण खरं सांगते, त्या एका आकड्यावर मी ते दिवस काढले. गणपती गेले, दसरा जवळ आला, शेठ सोडले तर एकही पक्कं गिऱ्हाईक नव्हतं. तरी सकाळी ऑफिसात आले, लॅपटॉप उघडला, की तो एक असायचाच. मग दिवस बरा जायचा.

दसऱ्याच्या आधी शेठ रागारागानं आले. "मॅडम, रोज सकाळी एक जण दाबतो आणि काहीच घेत नाही. कोण आहे हा? माझा भाऊबंद असणार. मला खड्ड्यात घालतोय."

लोकांनी शोधताना कोणते शब्द टाकले त्याची यादी मिळते. मी ती उघडली. रोज सकाळी नऊ दहा. रोज एकच वाक्य.

सोलापुरात चांगले टॉवेल कुठे मिळतील कृपया सांगावे.

फोनवर शोधताना कुणी कृपया लिहितं का हो? यंत्राला सांगावे म्हणतं का कुणी? मी मान वर केली. काका खुर्चीत बसून वही चाळत होते.

शेठना मी कसंबसं वाटेला लावलं, चूक माझी आहे, पैसे भरून देते म्हणाले. ते गेल्यावर मी काकांवर फिरले. मी तापट आहे, ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. "काका, तुम्ही रोज शेठची जाहिरात दाबताय?"

"दाबतोय की," ते अगदी सहज म्हणाले. "बोहनी करतोय."

"बोहनी?"

"नऊ दहाला. रोज. तूच म्हनलीस की, नुसतं बगून सोडलं तर ते दिसायचं बंद हुतंय. म्हनून दाबतोय."

ते मी सांगितलं होतं हे खरंच आहे. आपलीच जाहिरात आपण पुन्हा पुन्हा शोधली आणि दाबली नाही, तर यंत्राला वाटतं या माणसाला ही नको आहे, आणि ते त्याला दाखवणं थांबवतं. म्हणून शोधूच नका, असं माझं म्हणणं होतं. काकांनी त्याचा अर्थ दाबा असा घेतला. दाबण्याचे पैसे कापतात हे त्यांना माहीत होतं, पण बोहनीचेही कापत असतील हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. बोहनीचे पैसे कोण धरतं?

हे सगळं मला आज कळतं. तेव्हा मी ओरडले. "तुम्हाला यातलं काही कळत नाही! हे काय स्टँड आहे का? माझं एकच गिऱ्हाईक, तेही घालवाल. उद्यापासून येऊ नका तुम्ही."

काका उठले. वही टेबलावर ठेवली. "चुकलं, पोरी," एवढंच म्हणाले, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. जाताना टकटक नाही, काही नाही.

मी त्यांची वही बाजूला सरकवली. मग काहीतरी करायचं म्हणून माझ्या स्वतःच्या जाहिरातीची यादी उघडली. इतके दिवस मी आकडा बघत होते, शब्द कधी बघितलेच नव्हते. बघायची भीतीच वाटली असेल.

नऊ दहा. सोलापुरात धंद्याची जाहिरात नेटवर कोण करून देतं कृपया सांगावे.

खाली पुन्हा तेच. त्याच्या खालीही तेच. पहिल्या दिवसापासून मला शोधणारा एकच माणूस होता, आणि त्याला मी नुकतंच हाकलून दिलं होतं.

रडले. खोटं कशाला सांगू, दार लावून रडले. गिऱ्हाईक नाही याचं रडू वेगळं आणि काकांचं वेगळं, पण ते एकत्रच येत होतं. मग ठरवलं, झालं एवढं पुरे. दिवाळीची तरी वाट कशाला बघायची? पुण्याच्या एका मैत्रिणीला निरोप टाकला, तुझ्या कंपनीत एखादी जागा आहे का विचार.

तीन दिवस काका आले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात गेले. ते ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. मी म्हणाले, "काका, मी चुकले."

"बस."

बसले. त्यांनी तांदळाचं ताट माझ्यासमोर सरकवलं. दोघंही खडे काढायला लागलो. मी विचारलं, "माझ्या जाहिरातीवरही तुम्हीच ना? मला वाटायचं, कुणीतरी खरंच शोधतंय."

"मग? मी काय खोटा हाय?" काका म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला कधी विसरता येणार नाही. "खिडकीत पयल्या दिशी बसलो तवा सकाळपासनं कुनी इचारलंच न्हाय. मला वाटाय लागलं, आपुन हितं कशाला? तर स्टँडावर झाडलोट करनारा म्हातारा हुता. त्यो झाडू भिताडाला लावून खिडकीशी आला आन् म्हनला, सायब, मंगळवेड्याची गाडी कदी? त्याला काय जायाचं नव्हतं. त्याला साऱ्या गाड्या पाठ. पर त्यानं इचारलं, आन् मागनं रांगच लागली. मग रोज सकाळी येऊन इचारायचा. म्हनायचा, खिडकीला पयला परश्न आपल्या मानसानं इचारावा. त्यो रिटायर झाला, मग दुसरा कुनी इचारी. तीस वर्सांत येक दीस चुकला न्हाय."

मी खडे काढत राहिले. दिसत काहीच नव्हतं.

"मैत्रिणीला निरोप टाकलाय," मी म्हणाले. "पुण्याला जाते परत."

त्यांनी ताटाच्या कडेवर दोन बोटं वाजवली. हळूच. "कुटं जायचंय ते आदी सांग."

"सांगितलं ना, पुण्याला."

"त्ये गाडीचं नाव झालं. तुला कुटं जायचंय?"

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. "कुठंच नाही, काका. मला इथंच राहायचंय. बाबा एकटे आहेत हो."

काकांनी मान डोलावली. जणू पहिल्या दिवशी ते जिना चढून वर आले तेव्हापासूनच त्यांना हे ठाऊक होतं. "मग त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नगं. मास्तर मानूस हाय, पाठवून दील तुला." ते हसले. "मंगळवेड्याचं मास्तर. सात दहाची गाडी. मला म्हाईत हाय त्यो आवाज. मागं त्यांनी तुला फोन केलता, तवा तुज्या फोनात ऐकला आन् लगीच वळखला. बावीस वर्सं येकच परश्न, लागली का."

त्या संध्याकाळी मी मैत्रिणीला नको म्हणून कळवलं.

दुसऱ्या दिवशी नऊ दहाला दारावर टकटक झालं. काका बाहेर उभे, आत येईनात. तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "सोलापुरात धंद्याची जाहिरात नेटवर कोन करून देतं, कृपया सांगावे."

"इथंच," मी म्हणाले. "या आत."

"ह्येचं तर पैसं कापत न्हाईत न्हवं?"

त्यानंतर रोज तसंच. फोनला बोट न लावता, जिना चढून, दारात उभं राहून. मग चहा. शेठकडेही जाऊन ते तेच करायला लागले, आणि शेठ दुकानातून ओरडून उत्तर द्यायचे. दिवाळीच्या आठ दिवस आधी शेठच्या जाहिरातीवर एका हॉटेलवाल्याचा फोन आला. त्यानं शोधलेलं वाक्य काकांच्या वहीतलं होतं, हॉटेलात रोज धुतला तर किती दिवस टिकेल. मोठी मागणी होती. शेठ पेढे घेऊन आले, मागोमाग त्यांनी गणवेश शिवायचा धंदा असलेला आपला मेहुणा पाठवला, आणि मेहुण्यानं आणखी दोघांना. मी घरी बाबांना सांगितलं. बाबा "बरं" म्हणाले. दिवाळी आली आणि गेली, पुण्याचा विषय काही त्यांनी काढला नाही. काकांची बोहनी, झाडूवाला म्हातारा, सगळं मी त्यांना जेवताना सांगायचे. ते ऐकायचे. ऑफिस बघायला मात्र कधी आले नाहीत. गुडघे दुखतात, जिना नको, एवढंच.

उन्हाळ्यात काकांना धाप लागायला लागली. मुलगा येऊन हैदराबादला घेऊन गेला. जाताना मला म्हणाले, "पंधरा दिसांत येतो. तंवर फोनवर बोहनी." आणि रोज नऊ दहाला फोन वाजायचा. तोच प्रश्न, शेवटी कृपया सांगावे. एकदा मागून नर्सचा आवाज आला. मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. प्रश्न विचारणं हे त्यांचं काम होतं आणि उत्तर देणं माझं. आम्ही दोघांनी ते नीट केलं.

एका सकाळी नऊ दहाला फोन आला नाही. मी वाट बघितली. सव्वानवाला आला तो त्यांच्या मुलाचा होता.

मी त्या दिवशी घरी गेले नाही लगेच. शेठना कळवलं. ते दुकान बंद करून आले, आम्ही दोघं बसलो. शेठ म्हणाले, "आता सकाळी दुकानात कोण विचारणार?" आणि डोळे पुसले त्या मोठ्या माणसानं, त्यांच्याच एका टॉवेलनं.

पुढचे बरेच दिवस मी ऑफिसात मुद्दाम साडेनवानंतर जायचे. नऊ दहाला तिथं असणं जमत नव्हतं. काकांची वही टेबलावर तशीच, खुर्ची तशीच. काम चालू होतं, गिऱ्हाइकं येत होती, पण सगळं उशिरा सुरू व्हायचं. बाबांनी ते बघितलं असणार. मी सकाळी घरातच रेंगाळते, चहाचा दुसरा कप घेते, हे मास्तरांच्या नजरेतून कसं सुटेल?

एक दिवस ते म्हणाले, "आज लवकर जा." का, ते सांगितलं नाही. मी चिडले, पण गेले. नऊ वाजता दार उघडलं, झाडून घेतलं, लॅपटॉप लावला. काकांच्या खुर्चीकडे पाठ करून बसले.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश. दोन पायऱ्या आणि थांबणं, पुन्हा दोन पायऱ्या. गुडघे धरून चढणाऱ्या माणसाची पावलं मी घरात रोज ऐकते, मला ती लगेच ओळखू आली. 

दाराच्या चौकटीवर दोन बोटं वाजली. टक टक. अवघडलेली, सवय नसलेली.

बाबा दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम, धाप लागलेली. आत आले नाहीत. घसा खाकरून, शाळेत लावायचे तसा आवाज लावून, त्यांनी विचारलं,

"मंगळवेढ्याची गाडी लागली का?"

मी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. तिसरा प्रश्न. मग उठले आणि काकांची खुर्ची पुढं ओढली.

"लागलीय, बाबा," मी म्हणाले. "बसा."